कादंबरीचा ताळा

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी म्हटलं, आपल्यापैकी निम्म्या जणांची मुलं सध्या त्याच संधींच्या मागे धावतायत आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यापेक्षा गेल्या वर्षी मी एक वेगळंच काम केलं, त्याबद्दल बोलते. प्रकाशकाकडे जाण्याआधी एका कादंबरीचं हस्तलिखित तपासण्याचं काम. ऱ्हस्व-दीर्घ तपासणं हे त्यात नव्हतं, कादंबरी चांगली की वाईट हे ठरवणंही नव्हतं. पान १२ वर जे सांगितलं आहे ते पान २१२ वर तसंच आहे का, एवढंच बघायचं होतं.

कादंबरी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीची आहे. ती आज इथे बसली आहे. प्रकाशकाचा होकार येईपर्यंत नाव सांगायचं नाही अशी तिची अट आहे, तेव्हा कृपा करून कोणी माना वळवून शोधू नका.

लग्नानंतर ती लातूरकडे गेली, तिथल्या शाळेत शिकवायला लागली. किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी तिनं शेजारणींकडून, सहकाऱ्यांकडून, विद्यार्थ्यांच्या आज्यांकडून वर्षानुवर्षं ऐकल्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आपण तेव्हा नववीत होतो. शाळेतून मदतफेरी निघाली होती, आठवत असेल. आपल्यासाठी ती एक बातमी होती. तिच्या आजूबाजूला मात्र असं एक घर नाही जिथे त्या पहाटेचा विषय निघाला की कोणी गप्प होत नाही. तिची कादंबरी तीन पिढ्यांच्या एका घराची आहे, १९७२ च्या दुष्काळापासून भूकंपानंतरच्या नव्या गावापर्यंत. सात वर्षं लिहीत होती. ३१० पानं झाली.

हस्तलिखित माझ्या हातात देताना ती म्हणाली, "कादंबरी म्हणून पडली तरी चालेल गं, खोटी पडायला नको." कारण हे पुस्तक सगळ्यात आधी वाचणार ते त्याच गावांतले लोक. वर्णन आवडलं नाही तर ते दोन पानं उलटून पुढे जातील. पण 'त्या रात्री'चा तपशील चुकला, तर पुस्तक तिथेच मिटेल. "हिला काय ठाऊक," म्हणतील. आणि सात वर्षं ज्यांनी तिला मन मोकळं करून सांगितलं, त्यांच्यासमोर तिला उभं राहता येणार नाही.

आता हे तपासायचं कसं? याचं उत्तर मला सापडलं ते संगणकशास्त्रात नाही, सरांच्या गणिताच्या तासाला. सर, तुम्ही आम्हाला भागाकार झाल्यावर ताळा करायला लावायचात. कोणी तोच भागाकार पुन्हा करून दाखवला की तुम्ही म्हणायचात, हा ताळा नाही, ही नक्कल झाली. भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, आणि त्यातून भाज्य परत आलं पाहिजे. म्हणजे ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं न येता दुसऱ्या वाटेनं परत यायचं. वजाबाकीचा ताळा बेरजेनं.

लेखक स्वतःची कादंबरी वीस वेळा वाचतो, पण वीसही वेळा पहिल्या पानापासून शेवटच्या पानाकडे, त्याच वाटेनं. त्याच्या डोक्यात गोष्ट पूर्ण असते, त्यामुळे कागदावर नसलेलंही त्याला दिसतं. म्हणून तपासणी वेगळ्या वाटेनं व्हायला हवी.

अशा विसंगती भल्याभल्यांच्या पुस्तकांत राहून गेल्या आहेत. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन घ्या. १८८७ च्या पहिल्या कादंबरीत त्याला लढाईत गोळी लागते ती खांद्याला, आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत जखम दुखते ती पायाची. त्याचं नाव जॉन, पण एका कथेत त्याची बायको त्याला जेम्स म्हणते. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसच्या 'डॉन किहोते'मध्ये, १६०५ साली, सांचोचं गाढव चोरीला जातं आणि ते परत मिळाल्याचं सांगितलेलं नसताना सांचो पुन्हा त्याच गाढवावर बसलेला दिसतो. वाचकांनी इतकं पकडलं की १६१५ च्या दुसऱ्या भागात लेखकानं पात्रांनाच त्यावर चर्चा करायला लावली, आणि सांचो त्यात छापखान्यावरही संशय घेतो! सर्व्हान्टिसला ते शोभलं. पहिलंच पुस्तक घेऊन प्रकाशकाच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मैत्रिणीला ही चैन परवडणारी नव्हती.

तर आम्ही काय केलं ते सांगते. एक तक्ता केला. मी तो संगणकावर केला, पण दोनशे पानी वहीतही तो तितकाच चांगला होतो. प्रत्येक पात्रासाठी एक ओळ. रकाने असे: नाव, माहेरचं नाव, जन्मसाल, कोणाशी काय नातं, शरीराची खूण, आणि कोण कोणाला काय हाक मारतं. प्रत्येक माहितीपुढे पान क्रमांक हवाच. पान क्रमांक नसलेली माहिती म्हणजे आपली समजूत, ती तक्त्यात घ्यायची नाही.

दुसरा तक्ता काळाचा. कोणतं प्रकरण कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, आणि त्या वेळी प्रत्येकाचं वय काय. तिसरा जागेचा. वाड्याचा नकाशाच काढला. ढेलज कुठे, चूल कुठे, आजी कोणत्या खोलीत निजते. एरवी हा हौसेचा भाग म्हटला असता. इथे तसं नव्हतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरात त्या पहाटे कोण कुठे झोपलं होतं, यावर कोण वाचलं हे ठरणार होतं. आजी पाचव्या प्रकरणात पूर्वेच्या खोलीत निजते आणि सोळाव्यात तिला पश्चिमेकडच्या भिंतीखालून काढतात, असं झालं तर वाचक रडायचं सोडून नकाशा जुळवत बसेल.

चौथा तक्ता वस्तूंचा. सायकल, म्हैस, पितळी घागर, सोन्याच्या पाटल्या. १९७२ च्या दुष्काळात आजीनं विकलेल्या पाटल्या १९८८ च्या लग्नात थोरल्या सुनेच्या हातात! आमच्या कादंबरीतलं हे सांचोचं गाढव. पाचवा तक्ता सगळ्यात अवघड: कोणाला काय माहीत आहे, आणि कधीपासून. घरावर कर्ज आहे हे धाकट्या मुलाला नवव्या प्रकरणात कळतं, मग सातव्यात तो त्यावरून टोमणा कसा मारेल?

तक्ते झाल्यावर वाचन, पण क्रमानं नाही. एके दिवशी फक्त थोरल्या सुनेची पानं, दुसऱ्या दिवशी फक्त आजीची, तिसऱ्या दिवशी फक्त तारखा. एका वेळी एकच धागा. गोष्टीत गुंतलं की तपासणारा वाचक होऊन जातो आणि सगळं माफ करतो. धागा सुटा काढला की गाठ हाताला लागते. पूर्ण वाचनात ६३ प्रश्न निघाले. मी त्यांना 'चुका' म्हटलं नाही. एकही अक्षर बदललं नाही. फक्त पान क्रमांक आणि प्रश्न लिहिला. हा नियम मी कार्यालयातून आणला. दुसऱ्याच्या कामाची तपासणी करणाऱ्यानं परस्पर दुरुस्ती करायची नसते, कारण तसं का लिहिलं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, संगणकावर शोधलं की सापडतं. सापडतं, पण मराठीत अर्धंच. 'पुणे' शोधा, 'पुण्याला' सापडणार नाही. 'नाशिक' शोधा, 'नाशकात' निसटेल. मराठीत शब्दाला प्रत्यय लागताना शब्दच रूप बदलतो, आणि यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ नाही. 'सुनीता' आणि 'सुनिता' त्याच्या लेखी दोन वेगळ्या बायका. आणि एका फटक्यात नाव बदलायला जाल तर गंमत बघा. 'राम'चा 'श्याम' करायचा ठरवलात, तर पुस्तकभर लोक 'आश्याम' करायला लागतील आणि भेटल्यावर एकमेकांना 'श्यामश्याम' घालतील. म्हणून शोधायचं ते शब्दाचा न बदलणारा भाग घेऊन, आणि बदलायचं ते एकेक ठिकाण डोळ्यांनी बघून.

उलट एका बाबतीत आपली भाषा तपासणाऱ्याला मदत करते. इंग्रजीत एका 'आंट'मध्ये सगळ्या बायका लपतात. मराठीत आत्या म्हटली की ती वडिलांची बहीण, मावशी म्हटली की आईची, आणि काकू-मामी या लग्न होऊन घरात आलेल्या. पान ४० वरची आत्या पान १८० वर मावशी झाली, तर अख्खी वंशावळ उलटी होते आणि लगेच दिसते.

मग येतो बाहेरचा ताळा, म्हणजे कादंबरीबाहेरच्या जगाशी. बाई, इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायला लावल्यात त्याचे आभार आता मानते. हस्तलिखितात १९७३ सालच्या पाकिटावर पत्ता होता 'जिल्हा लातूर'. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी ते उस्मानाबाद जिल्ह्यात. १९७१ च्या पत्रावर पिनकोड होता. पिनकोड आले १५ ऑगस्ट १९७२ पासून. धाकटे काका १९७० साली 'दहावी बोर्डात' पहिले आले होते. तेव्हा मॅट्रिक अकरावीची असायची. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ ची. इथे बसलेल्या सरांपैकी कोणी ना कोणी अकरावी मॅट्रिकवाले असतीलच, त्यांनी पहिल्या वाचनात हे पकडलं असतं.

यापेक्षा मोठा ताळा पंचांगाचा. आपल्या कादंबऱ्यांत सण असतात, आणि सणाबरोबर चंद्र येतोच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चांदणं पडू शकत नाही, कोजागरीला काळोख असू शकत नाही. तिच्या चौदाव्या प्रकरणात ऑगस्टअखेर गणपती बसत होते, आणि सोळाव्यात विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती. दोन्ही वाक्यं एकेकटी वाचली तर निर्दोष. पण दहा दिवसांचे गणपती ऑगस्टअखेर बसून सप्टेंबरअखेर उठतील कसे? १९९३ साली अधिक भाद्रपद होता, त्यामुळे गणपती उशिरा आले. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी बुधवारी, २९ सप्टेंबरला. विसर्जन आटोपून लोक दमून झोपले आणि उजाडायच्या आत गुरुवारी पहाटे भूकंप झाला. त्या भागात हे कोणाला सांगावं लागत नाही. ऑगस्ट काढला. त्याबरोबर माहेरी आलेल्या लेकीचा मुक्कामही तीन आठवड्यांनी कमी झाला, आणि त्या तीन आठवड्यांत घडलेलं एक भांडण आधीच्या उन्हाळ्यात न्यावं लागलं. एक तारीख हलवली की तिला बांधलेलं सगळं हलतं. सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. एक दुरुस्ती केली की तिला जोडलेलं सगळं पुन्हा तपासायचं. म्हणून प्रत्येक बदलानंतर तक्ता आधी बदलायचा, मग मजकूर, आणि मग त्या धाग्याचं पुन्हा एक वाचन.

पण इथेच एक प्रश्न असा आला की ज्याचं उत्तर पंचांगात नव्हतं. त्या पहाटे लोक घराबाहेर येतात तेव्हा तिनं लिहिलं होतं, 'हाताला हात दिसत नव्हता'. मी टिपलं: पौर्णिमेच्या आदली रात्र, चंद्र पश्चिमेला असणार, काळोख कसा? ती दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "मला ज्या बायकांनी सांगितलं त्या सगळ्या म्हणाल्या की काहीच दिसत नव्हतं. त्या खोटं नाही बोलणार." ती पुन्हा विचारायला गेली. उत्तर आलं: माती. पडलेल्या भिंतींचा आणि माळवदांचा धुरळा. आता कादंबरीत तो काळोख आहे, पण त्याला धुळीचा वास आहे, आणि बऱ्याच वेळानं त्यातून चंद्र दिसतो. प्रश्न विसंगतीचा होता, मिळालं ते त्या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं पान.

म्हणजे ताळा जुळला नाही याचा अर्थ दर वेळी आकडा चुकला असा नसतो. कधीकधी एक रकाना कमी पडलेला असतो. थोरल्या मुलाचं वय दोन ठिकाणी वेगळं निघालं. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आणि आजीच्या हिशेबानं तो सुगीत जन्मलेला. ही चूक म्हणायची? या सभागृहात किती जणांचा दाखल्यावरचा वाढदिवस १ जूनला येतो, हात वर करा बघू. बघितलंत? आमच्या तक्त्यात मग दोन रकाने झाले, 'खरं वय' आणि 'कागदावरचं वय'. माणसं खोटं बोलतात, विसरतात, लपवतात. पात्रांनाही ती मुभा हवी. फक्त लेखकाला ते माहीत असायला हवं.

आता शेवटचं उदाहरण, ज्याच्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला. हाकांच्या रकान्यात थोरल्या सुनेपुढे लिहिलं होतं: नवऱ्याला 'अहो'. लग्नातल्या उखाण्याखेरीज ती त्याचं नाव घेत नाही. त्या पिढीतल्या आपल्या आया-आज्यांसारखीच. पण दोन ठिकाणी ती त्याला नावानं हाक मारते, पान ६१ आणि पान २३४. मी दोन्ही पानांवर एकच प्रश्न लिहिला: 'अहो' की नाव?

पान २३४ म्हणजे ती पहाट. ढिगाऱ्यासमोर उभी राहून ती हाक मारते. आधी 'अहो' म्हणते. आत किती तरी जणींचे 'अहो' आहेत. मग ती आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव घेते, मोठ्यानं, सगळ्या गावासमोर.

मैत्रिणीनं ते वाक्य जसं होतं तसं ठेवलं आणि पान ६१ उघडलं. तिथे भाकरी वाढताना, सहज, ती त्याला नावानं हाक मारून गेली होती. पहिल्या वर्षी लिहिलेलं पान, जेव्हा ही बाई कशी आहे ते लेखिकेलाही नीट कळलेलं नव्हतं. ते एक नाव तिथून काढलं. एक शब्द. कोणाही वाचकाला पान ६१ वर काही खटकलं नसतं. पण ते तिथे राहिलं असतं तर पान २३४ वरची हाक पहिली राहिली नसती. सुसंगती कशासाठी तपासायची, हे मला त्या दिवशी नीट समजलं. लेखकाला जिथे नियम मोडायचा आहे, तिथे तो मोडल्याचा आवाज यावा, म्हणून बाकी सगळीकडे तो पाळलेला असावा लागतो.

तुमच्यापैकी कोणी लिहीत असेल, आणि या वयात बरेच जण गुपचूप लिहायला लागतात, तर चार गोष्टी सांगून थांबते. लिहून झाल्यावर हस्तलिखित महिनाभर बाजूला ठेवा. तक्ता स्वतः करा, पण प्रश्न काढायला दुसऱ्याला द्या. शेवटचं वाचन कागदावर छापून आणि मोठ्यानं करा, कारण डोळा जे सोडतो ते जीभ सोडत नाही. आणि संगणकावर एकच प्रत 'चालू' ठेवा, नावात तारीख घालून. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' अशा तीन प्रती असल्या की प्रकाशकाकडे नेमकी जुनी जाते.

आणि कुठे तरी थांबा. सर, ताळ्याची मर्यादाही तुम्हीच शिकवली होतीत. अंकांची बेरीज करून ताळा घेतला, तर ३६ च्या जागी ६३ लिहिलं तरी तो बरोबर येतो. ६३ प्रश्न सुटले म्हणून कादंबरी चांगली होते असं नाही. ती चांगली आहे की नाही हे आता प्रकाशक आणि वाचक ठरवतील. पण किल्लारीच्या परिसरातल्या एखाद्या घरात ते पुस्तक उघडलं जाईल तेव्हा वाचणारी बाई तारखेवर, चंद्रावर किंवा वाड्याच्या भिंतीवर अडणार नाही. ती सरळ त्या हाकेपर्यंत पोचेल. एवढंच आमच्या हातात होतं, तेवढं केलं.

हस्तलिखित गेल्या महिन्यात टपालानं गेलं. पिनकोड घालून.